वाचक विचारतात : बुरशीच्या मागे लागलेली माणसे

पिकांच्या आणि बागांच्या रोगांविषयी आलेल्या पत्रांना या पानावर एक निवृत्त वनस्पतिरोगतज्ज्ञ उत्तरे देतात.

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. डॉक्टर व्हायचे म्हणून जीवशास्त्र घेतले. आता म्हणते, माणसांची नाही, झाडांची डॉक्टर होणार. एका व्याख्यानात तिने तिरुमलाचार या शास्त्रज्ञांचे नाव ऐकले. झाडांचे रोग अभ्यासणारा हा माणूस पुढे अँटिबायोटिक शोधू लागला, हे तिच्या मनात बसले आहे. घरातली मोठी माणसे म्हणतात, बुरशीत आयुष्य घालवून हाती काय लागणार? तुमचे मत काय?
— एक आई, डिचोली

उत्तर : ताई, तुमच्या मुलीने नाव फार चांगले निवडले आहे. घरातल्या मोठ्यांना उत्तर द्यायला त्यांचेच काम पुढे ठेवते.

मंडयम जीरसन्निधी तिरुमलाचार यांचा जन्म १९१४चा, माणूस म्हैसूरकडचा. त्यांची सुरुवात औषधांपासून झाली नाही. सुरुवात झाली ती तांबेरा आणि काणी या रोगांच्या बुरशींपासून. पानावर बोट फिरवले की नारिंगी भुकटी लागते तो तांबेरा. कणसात दाण्याच्या जागी काळी पूड भरते ती काणी. दोन्ही शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. पण एका काणीची बुरशी दुसरीपेक्षा वेगळी कशी, तिचे बीजाणू कसे रुजतात, कुठल्या गवतावर ती दिवस काढते, हे शोधायला डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. तिरुमलाचार तसे बसले. अमेरिकेत विस्कॉन्सिनला वनस्पतिरोगतज्ज्ञ डिक्सन यांच्याबरोबर त्यांनी काणीच्याच बुरशीवर काम केले. भारतातल्या काणीच्या बुरशींची नोंद करणारा ग्रंथ त्यांनी बी. बी. मुंडकूर यांच्याबरोबर सिद्ध केला, तो १९५२ साली निघाला. हे मुंडकूर म्हणजे १९४७ साली भारतीय वनस्पतिरोगशास्त्र संस्था उभी करणारे. त्यानंतर तिरुमलाचार बटाट्याकडे वळले. बिहारमध्ये बटाटा जमिनीतच कोळशासारखा काळा पडून कुजत होता. ही बुरशी तापलेल्या जमिनीत जोर धरते, त्यामुळे बटाटा कधी लावला, कधी काढला, पाणी कसे दिले, यावर नुकसान अवलंबून असते. त्यांनी या रोगाचा लागवडीच्या पद्धतीशी संबंध तपासला.

मग ते पिंपरीला आले. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना सुरू झाला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. उद्देश सरळ होता : पेनिसिलिन परदेशातून मागवत बसायचे नाही, इथेच करायचे. तिथल्या संशोधनाची धुरा तिरुमलाचारांकडे आली. आता तुमच्या घरचे विचारतील, औषधाच्या कारखान्यात काणीवाल्या माणसाचे काय काम?

काम हेच होते. त्या काळात जीवाणू मारणारी औषधे एकामागून एक येत होती, पण बुरशी मारणारी जवळजवळ नव्हती. बुरशीची पेशी घडणीने आपल्या पेशीच्या बरीच जवळची असते. जीवाणूची पेशी वेगळी, तिच्यावर घाव घालायला जागा भरपूर. बुरशीवर घाव घालायला जावे तर रोग्यालाही लागतो. दोघांतला एक उपयोगी फरक पेशीच्या आवरणात आहे. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या आवरणात त्याच जातकुळीचे एर्गोस्टेरॉल. पॉलीन गटातली औषधे एर्गोस्टेरॉलला जास्त घट्ट बिलगतात, आवरणाला भोके पडतात, आतला पोटॅशियम बाहेर झिरपतो आणि बुरशी मरते. पण फरक थोडाच असल्याने ही औषधे माणसालाही झोंबतात. म्हणून बुरशीचे वागणे आतून-बाहेरून ओळखणारा माणूस तिथे हवा होता. अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी १९५० साली निस्टॅटिन जगापुढे ठेवले होते, तेही शेतातल्या मातीतून मिळालेल्या एका सूक्ष्मजीवापासून. पिंपरीच्या लोकांनी आपल्या मातीत शोध घेतला आणि त्यांच्या हाती हॅमायसिन लागले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळते त्याच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आहे : स्ट्रेप्टोमायसेस पिंपरिना. पुढे त्वचेच्या बुरशीवर डर्मोस्टॅटिन आले आणि खास पिकांसाठी ऑरिओफंजिन.

ऑरिओफंजिनचा मला विशेष जिव्हाळा आहे. झाडांचे रोग बघायला निघालेला माणूस माणसांच्या औषधापर्यंत गेला आणि तिथून परत झाडाकडे आला. मी पुण्यात एम.एस्सी. करत होते तेव्हा आम्हाला शिकवणारे एक सर पिंपरीच्या प्रयोगशाळेत काम केलेले होते. ते वर्गात औषधांची नावे क्वचितच घ्यायचे. डाग पडलेले पान पुढे ठेवायचे आणि विचारायचे, ‘कोणी केले?’ उत्तर येईपर्यंत उपायाचा शब्द काढू द्यायचे नाहीत.

झाडाकडून माणसाकडे जाणारी ही वाट एकट्या पिंपरीची नाही. ग्रिसिओफुल्विन हे नाव तुमच्या घरातल्या कुणीतरी ऐकले असेल. पावसाळ्यात गजकर्ण, नायटा झाला की डॉक्टर वर्षानुवर्षे त्या गोळ्या देत आले. एका पेनिसिलियम बुरशीतून हा पदार्थ १९३९ सालीच वेगळा काढला होता, पण तो कशाला उपयोगी पडतो हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. पुढे इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या एका माळावर लावलेली सूचिपर्णी झाडे धरेनात. ब्रायन या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथली माती तपासली. मातीतली एक बुरशी असे काही सोडत होती की त्याने दुसऱ्या बुरशीचे तंतू सरळ न वाढता गुंडाळत, वळत जायचे. १९४६ साली त्यांनी हे छापले, आणि नंतर कळले की हा पदार्थ म्हणजे तेच जुने ग्रिसिओफुल्विन. मग १९५८ साली जेंटल्स यांनी गिनीपिगना ते तोंडावाटे देऊन त्यांचे गजकर्ण बरे करून दाखवले. माळावरच्या रोपांचे दुखणे शोधताना माणसाच्या कातडीचे औषध मिळाले. नाशिकचे द्राक्षबागायतदार मणी मोठा व्हावा म्हणून ‘जीए’ म्हणजे जिबरेलिक आम्ल वापरतात ना, तेही असेच आले : भाताची रोपे अचानक उंच आणि फिकी होणाऱ्या एका रोगाचा जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ साली छडा लावला, आणि त्या बुरशीच्या स्रावातून पुढे जिबरेलिन हाती आले.

तेव्हा बुरशीत आयुष्य घालवून काय मिळते, याचे उत्तर मोठ्यांना मिळाले असेल.

आता व्यवहाराचे. बी.एस्सी. कृषी करून एम.एस्सी.ला वनस्पतिरोगशास्त्र घेणे हा रुळलेला रस्ता. आपल्याकडे गोव्यात केप्यातल्या सुळकर्ण्याला कृषी महाविद्यालय आहे; दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आपल्या हवामानाचे, माड-पोफळी-काजू-मिरी जाणणारे. साधी बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रात किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात करूनही बुरशींकडे जाता येते. गोवा विद्यापीठात पश्चिम घाटातल्या सूक्ष्म बुरशींवर डी. जे. भट यांनी मोठे काम उभे केले, दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार यांनी समुद्रातल्या बुरशींवर. जुने गोव्याला किनारी शेतीची केंद्रीय संशोधन संस्था आहे. पुण्याच्या आघारकर संस्थेत देशभरातल्या बुरशींचा राष्ट्रीय संग्रह जपलेला आहे. ज्यांच्या नावाची ती संस्था, ते शंकर पुरुषोत्तम आघारकर आपल्या शेजारच्या मालवणचे. म्हणजे मुलीला हे शिकायला फार लांब जायला नको.

पैसा दवाखान्याइतका नाही, हे आधीच सांगते. सरकारी जागा निघतात त्या मोजक्या, स्पर्धा परीक्षा कठीण. बियाणे आणि औषध कंपन्यांत नोकऱ्या आहेत, पण तिथे पुष्कळदा विक्रीच्या कामाला जुंपतात. मुलीने हे कळून-सवरून यावे.

आणि यायच्या आधी तिला एक काम करू द्या. या पावसात भिंग घेऊन परसातली रोगट पाने तिने बघावीत. आमच्या कामातली पहिली शिकवण तिला तिथेच कळेल. रोगाचा जंतू हवा असेल तर डागाच्या मधला वाळलेला भाग घ्यायचा नाही. तिथे मेलेल्यावर जगणाऱ्या उपऱ्या बुरशींनी केव्हाच ठाण मांडलेले असते. हिरवे संपून तपकिरी जिथे सुरू होते, ती कड घ्यायची. तिथे रोग आत्ता चालू असतो. प्रयोगशाळेत तो कडेचा तांदळाएवढा तुकडा ब्लेडने कापतात, सौम्य सोडियम हायपोक्लोराइटमध्ये क्षणभर बुडवून वरचे जंतू मारतात, निर्जंतुक पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात आणि बटाट्याच्या काढ्यात साखर आणि अगर घालून केलेले खाद्य भरलेल्या बशीत ठेवतात. दोन-चार दिवसांत त्या तुकड्यातून पांढरे तंतू बाहेर सरकू लागतात. ते दिसल्यावर ज्याला दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर प्रयोगशाळेत जावेसे वाटते, त्याने या विषयात यावे. मला अजूनही वाटते.

प्रश्न : आमचे कुळागर म्हणजे सुपारीची बाग आहे, पोफळी बऱ्याच. दरवर्षी पावसात कोळेरोगाने हिरवी सुपारी गळून सडा पडतो. गेल्या वर्षी दुकानदाराने स्ट्रेप्टोसायक्लिन दिले. फवारले, पण गळ थांबली नाही. यंदा प्रमाण दुप्पट करावे का?
— एक बागायतदार, सत्तरी

उत्तर : नाही भाऊ, कृपा करून नको. दुप्पट काय, दहापट केले तरी गळ थांबणार नाही, कारण ते औषध या रोगाचे नाहीच.

स्ट्रेप्टोसायक्लिनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन आणि थोडे टेट्रासायक्लिन असते. दोन्ही जीवाणूंवरची. कोळेरोग करतो तो फायटोफ्थोरा. लेस्ली कोलमन यांनी म्हैसूर संस्थानात १९१० साली हे दाखवून दिले, तेव्हापासून यात शंका उरलेली नाही. हा फायटोफ्थोरा दिसायला बुरशीसारखा, आम्हीही बोलताना त्याला बुरशीच म्हणतो. पण कुळाने तो शेवाळांच्या जवळचा. त्याचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यात पोहतात. म्हणून तो पावसाची वाट बघतो आणि थेंबांच्या शिंतोड्यांबरोबर एका घडावरून दुसऱ्या घडावर जातो. वरच्या उत्तरात ज्या पॉलीन औषधांचे सांगितले, त्यांनाही तो दाद देत नाही, कारण त्याच्या आवरणात ते एर्गोस्टेरॉल जवळजवळ नसते. आम्ही याचा उलटा फायदा घेतो. कुजक्या सुपारीतून फायटोफ्थोरा वेगळा करायचा असेल तर बशीतल्या खाद्यात मुद्दाम अँटिबायोटिके घालतो. जीवाणू मरतात, इतर बुरशी मरतात, हा एकटा मजेत वाढतो. तुमच्या घडांवरही तेच झाले असणार.

यावर जुना, खात्रीचा उपाय एक टक्का बोर्दो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत निम्म्या निम्म्या पाण्यात विरघळवा. लोखंडी भांडे घेऊ नका. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि ढवळत राहा. मग घासून लखलखीत केलेला कोयता त्यात थोडा वेळ बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा राहिला आहे, त्याने घड भाजतील. थर चढेनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालत जा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. पहिली फवारणी मृगाचा पाऊस धरायच्या आधी, दुसरी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, पावसाने उघडीप दिली की. घड पूर्ण भिजला पाहिजे, नुसते झावळांना शिंपडून काही होत नाही. पोफळीवर चढणारा माणूस मिळणे आता किती कठीण झाले आहे याची मला कल्पना आहे, म्हणून मे महिना लागताच त्याला सांगून ठेवा. गळलेली सुपारी झाडाखाली पडू देऊ नका, वेचून बागेबाहेर नष्ट करा. पाणी तुंबत असेल तर पाट मोकळे करा. ज्यांना जमते ते घडांना प्लॅस्टिकची पिशवी बांधतात, तीही उपयोगी.

स्ट्रेप्टोमायसिनविषयी मला एवढे पोटतिडकीने लिहावेसे का वाटते, ते सांगते. १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी ते मातीतल्या सूक्ष्मजीवातून मिळवले, आणि क्षयरोगावर चालणारे ते पहिले अँटिबायोटिक ठरले. अशी औषधे आपण गरज नसताना बागेत फवारली की मातीतले जीवाणू त्यांना सरावतात आणि तो सराव एकमेकांना देतातही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ही दोन्ही औषधे शेतीतून टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मसुदा काढला तो याच काळजीने. भाताचा जीवाणूजन्य करपा, कागदी लिंबाचा खैऱ्या अशा खरोखर जीवाणूंच्या रोगांसाठी ती वापरली जात आली. पोफळीच्या गळीशी त्यांचा काही संबंध नाही.

रोग जीवाणूचा की बुरशीचा, हे पुष्कळदा घरीही कळते. आगशीच्या वांग्यांची धडधाकट झाडे एका दुपारी हिरवीच्या हिरवी माना टाकतात, हे तुम्ही पाहिले असेल. तसे झाड उपटा, बुंध्याजवळ खोड तिरपे कापा आणि तो तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात वरून लोंबकळत धरा. हलवू नका. जीवाणूजन्य मर असेल तर काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधासारखी बारीक धार खाली उतरताना दिसते. ती धार म्हणजे जीवाणूच, लाखोंनी. धार आली नाही तर संशय बुरशीवर. एवढे बघून मग दुकानात जा, किंवा त्याहून बरे, ताजा नमुना कागदात गुंडाळून कृषी कार्यालयात न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, त्यात तो वाटेतच कुजतो.

प्रश्न : मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या शेतातल्या मातीतून अँटिबायोटिक शोधायचे ठरवले आहे. घरी करता येईल का?
— एक विद्यार्थी, काणकोण

उत्तर : बाळा, कल्पना छान आहे, पण घरी करू नकोस. मातीतले जंतू बशीत वाढवले की त्यांत रोग करणारेही वाढू शकतात, आणि स्वयंपाकघरात ते मारायची सोय नसते. गोव्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तुझ्या शिक्षकांना घेऊन जा आणि तिथे त्यांच्या देखरेखीखाली कर.

काय बघायचे ते सांगते. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात कालवून, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करून थेंबभर बशीत पसरवतात. काही दिवसांनी ठिपक्याठिपक्यांनी वसाहती उठतात. त्यांत खडूची पूड सांडल्यासारख्या कोरड्या, बशीला घट्ट चिकटलेल्या दिसतील त्या बहुधा स्ट्रेप्टोमायसेसच्या. बशी उघडायची नाही, पण तिथले शिक्षक तुला वेगळ्या नळीतला वास देतील : पहिल्या पावसात कुणीही ओळखावा तो ओल्या मातीचा वास. तो जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, आणि तो स्ट्रेप्टोमायसेस तयार करतात. एखाद्या वसाहतीभोवती इतर जीवाणू वाढलेच नसतील, स्वच्छ कडे उरले असेल, तर तिथे थांब. ती वसाहत काहीतरी सोडते आहे. फ्लेमिंगनी १९२८ साली पेनिसिलियमभोवती असेच कडे पाहिले होते.

असे कडे दिसले म्हणजे औषध मिळाले असे तक्त्यावर लिहू नकोस. ते विषारी आहे का, नवे आहे का, की आधीच कुणाला मिळालेले आहे, हे ठरायला मोठ्या प्रयोगशाळांनाही वर्षे लागतात. ‘आमच्या शेतातल्या मातीत जीवाणूंची वाढ रोखणारी ही वसाहत आढळली’ एवढे लिही आणि शेजारी बशीचा फोटो लाव. माती कुठून घेतली, किती खोलीवरून, तिथे कोणते पीक होते, हेही लिही. परीक्षकाने नेमके तेच विचारायला हवे.

प्रश्न : रोयणीवरच्या, म्हणजे वाळवीच्या वारुळावर उगवणाऱ्या, अळमीची (भूछत्रांची) लागवड करता येईल का? बाजारात भाव फार चांगला मिळतो.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : नाही. ही अळमी वाळवीच्या घरात, वाळवीनेच जोपासलेल्या बुरशीवर उगवते. वाळवीवाचून ती वाढवून विकण्याइतकी जमलेली नाही. लागवड करायची असेल तर भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळमी करा. बियाणे आणि प्रशिक्षण दोन्ही मिळते. रोयण मात्र खणू नका. आणि रानातली अनोळखी अळमी कुणी कितीही खात्री दिली तरी खाऊ नका.